सापाच्या नावावर

माझ्या जिभेला हाड नाही, हे मला आईनं सांगितलं, सासूबाईंनी सांगितलं, आणि नवरा तर लग्न झाल्यापासून सांगतोच आहे. मी ते कधी मनावर घेतलं नाही. 'मी आपली तोंडावर बोलून मोकळी होते, मनात काही ठेवत नाही,' असं मी चारचौघांत मिरवायचे. आपण मोकळे होतो म्हणजे ते बोललेलं जातं कुठं, हा विचार पन्नाशी उलटली तरी केला नव्हता.

सावेडीतल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत काही महिने एक वास होता. त्या खोलीत माझ्या लेकीचा पाळलेला साप होता आणि माझे वडील होते. तो वास मी सापाच्या नावावर लावला. वास बाबांचा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवटी उलगडून दाखवावं असं त्यात काही नाही. आणि मी त्या वासाबद्दल जे काही बोलले, ते बाबा तिथंच कॉटवर बसून ऐकत होते, हे वाचणाऱ्याला पहिल्यापासून माहीत असलेलं बरं.

साप आला तेव्हा लेक कॉलेजात होती. विलायती अजगराची जात, बिनविषारी, आणि भित्रा इतका की दार जोरात लागलं तरी अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवणार. वनखात्याकडे त्याची रीतसर नोंद आहे, कागद आहेत. तरी मी अन्न सोडण्याची धमकी दिली होती, आणि संध्याकाळी भूक लागल्यावर जेवले. आमच्या घरात कधी अंडं शिजलं नाही आणि याला लागतात उंदीर. बर्फात गोठवलेले, पुण्याहून थर्माकोलच्या डब्यातून येणारे. त्यांच्यासाठी गॅलरीत वेगळा लहान फ्रिज आला. त्या फ्रिजवर मी हळदीकुंकवाच्या बायकांना कळू नये म्हणून क्रोशाचा रुमाल टाकला होता.

पुढे लेकीला पुण्यात नोकरी लागली. तिथल्या घरमालकिणीनं मांजर चालेल म्हणून सांगितलं, सापाला मात्र ठाम नकार. मग साप राहिला नगरला आणि मी झाले त्याची दाई. लेक फोनवरून धडे द्यायची. पेटीत कागद अंथरायचे. घाण केली की तेवढा कागद लगेच उचलायचा, उद्यावर टाकायचा नाही. महिन्यातून एकदा त्याला डब्यात ठेवून पेटी गरम पाण्यानं आणि साध्या साबणानं धुवायची, पूर्ण कोरडी करायची. फिनेल नाही, डांबराच्या गोळ्या नाहीत, धूप-उदबत्ती नाही, त्याच्या फुप्फुसांना ते सोसत नाही. "आणि आई, नीट ठेवला तर सापाला वास येत नाही," असं ती प्रत्येक वेळी म्हणायची. पहिले काही महिने खरंच येत नव्हता. त्याची घाण म्हणजे आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा, सोबत चुन्यासारखा एक पांढरा खडा. ते उचललं की झालं. माणसाच्या तान्ह्या पोरापेक्षा कितीतरी सोपं.

त्याच सुमारास बाबा आले. बाबा नेवाशाला शाळेत मास्तर होते आणि निवृत्त झाल्यावरही तिथंच राहिले. आई गेल्यावर एकटेच हातानं करून खायचे. एकदा न्हाणीघरात पाय घसरून पडले. हाका मारल्या त्या कुणाला ऐकूच गेल्या नाहीत. दुपारी दूधवाल्यानं दार वाजवलं तेव्हा कळलं. मी त्याच दिवशी गाडी करून गेले आणि त्यांना घेऊनच आले. मला भाऊ नाही, बहीण नाही, त्यामुळे दुसरीकडे कुठं जाण्याचा प्रश्न नव्हता. बाबांच्या दृष्टीनं मात्र तोच मोठा प्रश्न होता. 'लेकीच्या घरी पाहुणचार घ्यावा, मुक्काम टाकू नये,' हे त्यांचं जुनं मत. माझ्या लग्नानंतर ते कधी आमच्याकडे एका रात्रीहून जास्त राहिले नव्हते. नवऱ्यानं त्यांना कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला, तरी त्यांचे कपडे पिशवीतच राहिले आणि पिशवी कॉटखाली. "चार दिवस बघतो आणि जातो," हे पालुपद. जाणार कुठं, तर त्याच बंद घरात. त्यांना इथं रमवायचं, टिकवायचं, एवढी एकच काळजी मला त्या काळात होती. आणि त्यांना घालवायला मीच दिवसरात्र तोंड चालवत होते.

मागच्या खोलीत साप आहे, चालेल का, असं मी भीत भीत विचारलं होतं. बाबा चष्मा लावून पेटीपाशी गेले, बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "बोलत नाही, टीव्ही लावत नाही, उसनं मागत नाही. असा शेजारी मिळायला नशीब लागतं." तेव्हापासून सापाचं नाव शेजारी. सकाळी मी चहा घेऊन गेले की बाबा हळू आवाजात सांगायचे, "शेजारी आत्ताच झोपलेत, कप वाजवू नकोस."

वास पावसाळ्यात सुरू झाला. आधी मला वाटलं दमटपणा असेल. मग दार उघडलं की नाकाला जाणवायला लागला. आंबूस, उग्र, झोंबणारा. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी दारातूनच नाकाला पदर लावून म्हणाल्या, "ताई, तुमच्या सापाचा लई वास येतोय बगा. म्या त्या खोलीत झाडायला न्हाई जायची." त्या तशाही सापाला भिऊन आत जायचं टाळायच्या, आता त्यांना कारण मिळालं. ती खोली बाबाच झाडू लागले. मी विरोध केला नाही. म्हटलं, हालचाल होते तेवढीच.

मग मी सापाच्या मागे लागले. पेटी महिन्याऐवजी आठवड्याला धुवायला काढली. खोलीत कोळशाची वाटी ठेवली, खायच्या सोड्याची ठेवली, लिंबाच्या साली ठेवल्या. कुणी सांगितलं म्हणून कॉफीची पूड ठेवली, तर खोलीला कॉफी आणि वास असा दोन्हींचा वास यायला लागला. एकदा न राहवून फरशीला फिनेल लावलं आणि लेकीला फोनवर सहज बोलून गेले, तर ती रडायचीच बाकी राहिली. "आई, तू मारशील त्याला. आणि मला सांग, पेटीत नाक घालून कधी बघितलंस का? पेटीत वास आहे का?" मी म्हटलं, "मला काय वेड लागलंय सापाच्या पेटीत नाक घालायला?" तेव्हा घातलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण मला उत्तर माहीत होतं ना. उत्तर माहीत असलं की माणूस बघायचे कष्ट घेत नाही.

मी काय काय बोलले ते लिहिताना हात आखडतो. पण लिहायला हवं. "शी, मुतारी करून टाकलीय खोलीची." "नुसतं खायचं आणि घाण करायची, दुसरा काही उद्योग आहे का?" "कुणी पाहुणा आला की लाज वाटते मला." "फुकटचं आणून ठेवलंय माझ्या गळ्यात, मी मेल्यावर सुटेन." हे सगळं सापाला. पेटीसमोर उभं राहून, कमरेवर हात ठेवून. आणि मागे कॉटवर बाबा. आपल्याकडे म्हणतात ना, लेकी बोले सुने लागे. मी सापाला बोलत होते आणि बापाला लागत होतं. सुनेला निदान कळतं तरी की सासू आपल्याला बोलतेय. तिला मनातल्या मनात उलटून बोलता येतं. बाबा माझीच री ओढायचे. "हो, त्याचाच असणार. जनावर आहे ते, त्याला काय कळतं," असं म्हणून पेपर तोंडासमोर धरायचे.

चैत्रातलं माझं हळदीकुंकू त्या वर्षी राहून गेलं होतं, म्हणून मी श्रावणात शुक्रवारच्या सवाष्णी बोलावल्या. बायका बसल्या होत्या, बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. एकीनं नाक ओढून इकडेतिकडे बघितलं. मी लगेच पुढे होऊन सांगून टाकलं, "सापाचा हो. आमच्याकडे यायचं म्हणजे नाकाला चिमटा लावून यायचं." सगळ्या हसल्या. मला चेव चढला. "एवढी सेवा मी देवाची केली असती तर वैकुंठाला गेले असते. याचं काय, आज ना उद्या उचलून देणार आहे कुणाला तरी." पुन्हा हसल्या. बाबाही हसले. थोड्या वेळानं ते उठले आणि खालीच बाकावर जाऊन बसले. सगळ्या बायका जाईपर्यंत वर आले नाहीत. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, बायकांच्या गप्पांत कंटाळले असतील.

आता मागे वळून बघितलं की सगळं दिसतं. बाबा पहाटे सगळ्यांच्या आधी उठून आपले कपडे स्वतः धुवायचे. पायजमा, चादर, सगळं. मी रागवायचे, मशीन आहे की घरात. ते म्हणायचे, "लेकीच्या हातून का धुवून घ्यायचं?" मला ते त्यांच्या मुक्काम-न-टाकण्यातलंच एक वाटलं. आमच्याकडच्या जुन्या माणसांचं असतं हे असलं, लेकीच्या घरचं पाणीसुद्धा मोजून पिणारं. त्यामुळे त्यांनी कॉटला हात लावू दिला नाही, गादी उलटू दिली नाही, तरी मला कशाचा संशय आला नाही. उलट मी मैत्रिणींना अभिमानानं सांगायचे, बाबा माझ्याकडून एक रुमालही धुवून घेत नाहीत.

आणि पाणी. लेकीच्या घरचं पाणी मोजून पिणं हे मी वर म्हणायला म्हटलं, पण बाबांनी ते खरंच सुरू केलं होतं. चहा अर्धा ठेवायचे. जेवताना दोन घोट. मी त्यांच्या उशाशी तांब्या भरून ठेवायचे आणि संध्याकाळी तो रिकामा असायचा, म्हणून मी निर्धास्त. पण सापाचं पाण्याचं भांडं रोज काठोकाठ भरलेलं, खालचा कागद ओला. मी बाबांना विचारलं, "तुम्ही याला पाणी घालता का?" म्हणाले, "तहान त्यालाही लागत असेल." मी त्यावर त्यांना फटकारलं, "नका घालू. जितकं पाणी तितका वास." हे मी बोलले. जितकं पाणी तितका वास. पाणी न पिता तांब्या रिकामा कसा करायचा, त्याची वाट बाबांनी शोधली होती आणि मी तीही बंद केली.

पुढे ते गॅलरीत कपडे वाळत घालताना चक्कर येऊन बसले. डॉक्टरकडे नेलं तर लघवीत जंतुसंसर्ग निघाला, अंगात पाणी कमी पडलंय म्हणाले, भरपूर पाणी प्या. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, लघवीवर ताबा राहतो ना? रात्री वगैरे?" बाबा ताठ बसले आणि म्हणाले, "उत्तम." मी शेजारच्याच खुर्चीत होते. लेकीसमोर दुसरं काय सांगणार होता तो माणूस? मला उठून बाहेर जायचं सुचलं नाही. उलट घरी येताना रिक्षात मी त्यांना आणखी झापलं, एवढे शिकलेले तुम्ही, आणि पाणी प्यायचं कळत नाही म्हणून.

दसऱ्याला लेक आली तेव्हा माझं ठरलं होतं. "एक तर हा वास घरातून जाईल नाहीतर हा तरी जाईल," मी तिला बाबांच्या देखत सांगितलं. "मी सगळं करून बघितलं. आता मला सहन होत नाही. माझं घर आहे हे." बाबा म्हणाले, "अगं, इतक्या दिवसांचा आहे तो. एकदम असं घालवू नये कुणाला." मी म्हटलं, "तुम्ही मध्ये पडू नका, बाबा." दुसऱ्या दिवशी लेकीनं सापाला कापडी पिशवीत घालून पिशवी डब्यात ठेवली आणि ती घेऊन गेली. मैत्रिणीच्या घरी ठेवणार होती. जाताना माझ्याशी धड बोलली नाही. पेटी मी गच्चीवर नेऊन धुतली, उन्हात वाळवली आणि माळ्यावर टाकली. कोपरा फिनेलनं पुसला, हवा तेवढा धूप केला.

वास गेला नाही. पहिले काही दिवस बाबाच म्हणायचे, "मुरला असेल खोलीत. वेळ लागतो." मी मान डोलवायचे. मग दिवाळी आली आणि गेली, तरी वास तिथंच. सापाचा मागमूस नव्हता आणि मी रिकाम्या कोपऱ्याकडे बघून नाक मुरडत होते. माझ्या मनात तेव्हा काही आलं नाही असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. काहीतरी येत होतं आणि मी त्याला दारातच उभं करत होते.

मी शाळेच्या कार्यालयात आहे, त्यामुळे दिवाळीची सुट्टी अजून चालू होती. नवरा बाबांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत घेऊन गेला होता. यंदा बाबांच्या गादीला ऊन दाखवायचं राहिलंच होतं, म्हटलं आता घरात नाहीत तर उरकून घ्यावं. मी चादर ओढली. चादरीखाली सापाचे कागद होते. पेटीत अंथरायला मी जुने पेपर साठवून ठेवायचे ती चळत भराभर का संपते, हे मला नेहमी कोडं पडायचं. ते पेपर एकावर एक नीट पसरलेले. त्यांच्याखाली कापडाच्या दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशव्या, उसवून सपाट केलेल्या. सगळ्याच्या कडा गादीखाली दुमडलेल्या, बाबा शाळेतल्या पोरांच्या पुस्तकांना कव्हर घालून द्यायचे तशा. आणि तो वास. तोच.

मी तशीच कॉटच्या कडेवर बसले. मला आधी रडू नाही आलं. आधी माझी एकेक वाक्यं यायला लागली. मुतारी. नुसतं खायचं आणि घाण करायची. फुकटचं आणून ठेवलंय. माझं घर आहे हे. मी ती सापाला म्हटली होती, पण आता ती सापाला लागूच होत नव्हती. त्यातलं एकेक वाक्य एका माणसाला तंतोतंत बसत होतं, जणू मी माप घेऊन शिवलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरही कुणी नव्हता. एक म्हातारा माणूस होता, ज्याचं शरीर त्याचं ऐकेनासं झालं होतं, आणि लेक हाकलून देईल या भीतीनं तो तहानेला राहत होता. मला माझीच इतकी किळस आली की बाथरूममध्ये जाऊन मी तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. मग परत येऊन सगळे कागद, पिशव्या होत्या तशा पसरल्या, कडा होत्या तशा दुमडल्या आणि वर चादर घातली. बाबांना कळता कामा नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

मी ठरवलं, आता वासाचा उच्चारही करायचा नाही. धूप बंद केला, कोळशाच्या वाट्या उचलल्या, खोलीत गेले की इकडचंतिकडचं बोलायचं आणि हसायचं. मला वाटलं मी फार समजूतदारपणा करतेय. पण बाबांनी अख्खं आयुष्य वर्गात काढलेलं. कायम बडबडणारं पोर अचानक शहाण्यासारखं बसलं की मास्तरला कळतं. त्यांनी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज वास नाही का गं येत?"

"नाही, बाबा. अजिबात नाही." मी इतक्या घाईनं म्हटलं की मलाच ते ऐकू आलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी तो तोंडाला लावलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर कॉटखालची पिशवी कॉटवर होती. कपडे भरलेले, वर टोपी ठेवलेली. कॉटवरची चादर, कागद, पिशव्या, सगळं काढून गुंडाळून दोरीनं बांधलेलं, बरोबर न्यायला. "थंडी बरी पडलीय आता," बाबा म्हणाले. "नेवाशाचं घर किती दिवस बंद ठेवायचं. जाऊन उघडतो."

"तुम्ही पडलात तिथं," मी म्हटलं. "कुणाला ऐकूसुद्धा गेलं नव्हतं."

"आता सांभाळून राहीन."

मला त्यांचे पाय धरून सांगायचं होतं की बाबा, चुकलं, मला माहीत आहे, मला काही वाटत नाही. पण ते सांगणं म्हणजे त्यांनी इतके महिने जे झाकलं ते त्यांच्यासमोर उघडं करणं. मग ते एक दिवस राहिले नसते. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं तोंड कसं वापरावं ते कळेना. त्यांची नजर त्या रिकाम्या कोपऱ्याकडे होती, आणि मला वाटतं मला जे सुचलं ते त्या कोपऱ्यामुळेच.

"असं कसं जाल?" मी म्हटलं. "शेजारी परत येतोय रविवारी. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. त्याच्याकडे कोण बघणार?"

"परत? का?"

"तिकडे त्याला मानवत नाही. आणि खरं सांगू का, भांडायला कुणी नाही मला."

बाबांनी पिशवी कॉटवरून उतरवली, ती मात्र भरलेलीच राहू दिली.

मी स्वयंपाकघरात जाऊन लेकीला फोन लावला. ती साहजिकच वैतागली. "तूच हाकललंस ना त्याला? आता काय झालं?" मी म्हटलं, चुकलं माझं, त्याचा वास नव्हता. "मग कशाचा होता?" यावर मी म्हटलं, "घराचाच होता. तू आण त्याला." लेक माझ्यापेक्षा शहाणी आहे. तिनं पुढे विचारलं नाही आणि रविवारी डबा घेऊन हजर झाली. माळ्यावरची पेटी खाली आली, पुसली, कागद अंथरले, पाण्याचं भांडं ठेवलं. बाबा स्वतः खुर्ची ओढून समोर बसले. साप पिशवीतून सरकत बाहेर आला, कडेकडेनं फिरला आणि आपल्या जुन्या कोपऱ्यात चेंडू होऊन बसला. मी त्या वेळी पेटीत नाक घातलं. कागदाचा वास होता, दुसरा कसलाच नाही.

सोमवारी सकाळी मी बादली घेऊन खोलीत गेले. बाबा कॉटवर होते, मांडीवर पेपर. मी पेटीसमोर उभी राहिले, कमरेवर हात ठेवले. जुने शब्द जिभेवर आले आणि तोंड कडू झालं. गप्प राहिले तर बाबांना कळतं, बोलले तर त्यांना लागतं. आणि बोलायला तर मलाच हवं होतं.

"आलास का, बाबा, आपल्या घरी?" मी सापाला म्हटलं. "ये. थोडाफार वास असतोच रे जित्या जिवाचा, त्याला काय करणार. एवढंच की तुझा वास खोलीभर लागतो, बाबांच्या अंथरुणालासुद्धा लागतो. म्हणून आजपासून तुझे कागद काढले की त्याबरोबर बाबांची चादरही मी काढणार, मशीनला लावणार. तुझ्या पेटीखाली घालायला रबरी कापड आणलंय, ते भारी मोठं निघालं. अर्धं बाबांच्या गादीवर घालते." हे सगळं मी बाबांकडे न बघता बोलले. आणि जाता जाता म्हटलं, "पाणी भरपूर ठेवणार आहे हं मी सगळ्यांना. पाण्यावाचून कुणी राहायचं नाही या घरात."

मागून पेपरची घडी केल्याचा आवाज आला. बाबा कॉटला धरून उठले. चादर त्यांनी स्वतः ओढली, खालच्या कागदांसकट तिची गुंडाळी केली आणि मला दिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या हातात धुवायला काहीतरी दिलं होतं. चादर ओली होती. मी ती सुकी असल्यासारखी घेतली.

ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आम्ही दोघंही सापाकडे बघत होतो. तो निवांत झोपला होता.

"त्याला फार बोलत जाऊ नकोस गं," बाबा म्हणाले. "तो मुद्दाम नाही करत."

"नाही बोलणार, बाबा," मी म्हटलं, आणि चादर भिजवायला गेले.